पॅन्क्रियाटायटिसची, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेची, शंका आली की पहिल्या रात्री कोणत्या तपासण्या, आणि कशासाठी?

इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. दादा ४८ वर्षांचा. शनिवारी रात्री सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत) खाऊन-पिऊन घरी आला आणि पहाटे पोटाच्या वरच्या भागात जबरदस्त दुखायला लागलं. कळ थेट पाठीत निघत होती, उलट्या थांबेनात. गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅसचं इंजेक्शन दिलं, फरक पडला नाही, म्हणून सकाळी भरती केलं. ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी असं सगळं झालं. लायपेज (स्वादुपिंडातून येणारं पाचक एन्झाइम) १२४०, एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) २८६. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे, पण स्वादुपिंडाबद्दल फक्त ‘गॅसमुळे नीट दिसत नाही’ एवढाच शेरा. तरी डॉक्टरांनी पॅन्क्रियाटायटिस असल्याचं सांगून टाकलं. ताई विचारतात: ज्या अवयवाचा आजार तोच दिसला नाही, तर सीटी का केला नाही? दुसऱ्या दिवशी लायपेज पुन्हा का तपासलं नाही? पोट दुखत असताना ईसीजी कशाला? आणि १२४० म्हणजे जीवावरचं आहे का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. तुम्ही लिहिलंय त्यावरून झालं ते योग्यच झालं. तुमच्या यादीत ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि कॅल्शियम दिसत नाहीत, तेवढं विचारून घ्या. आणि १२४० या आकड्याला घाबरू नका. तो आकडा निदानाच्या कामाचा आहे, आजार किती मोठा आहे ते सांगण्याच्या कामाचा नाही. बहुतेक नातेवाईक इथेच चुकतात आणि मग तीन दिवस भलत्याच आकड्याकडे डोळे लावून बसतात.

पॅन्क्रियाटायटिस ठरवण्याचा नियम जगभर एकच आहे. अटलांटा वर्गीकरण म्हणतात त्याला. १९९२ साली ठरलं, २०१२ साली सुधारलं. तीन गोष्टी पाहायच्या: दुखणं त्या जातीचं आहे का, रक्तात लायपेज किंवा ॲमायलेज (तसंच दुसरं पाचक एन्झाइम) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट आहे का, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये सूज दिसते का. तिन्हींपैकी दोन जुळल्या की निदान झालं. दादाच्या पहिल्या दोन जुळल्या. तिसरीची गरजच उरली नाही.

यातली पहिली गोष्ट, म्हणजे दुखणं, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी. स्वादुपिंड पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटून असतं, म्हणून त्याची कळ बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत जाते. अर्ध्या तासात वाढते आणि मग तासन्‌तास एकसारखी राहते. मुरडा जसा येतो-जातो तशी नाही. असा माणूस खाटेवर उताणा झोपत नाही. तो उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतो, किंवा कुशीवर वळून पाय पोटाशी घेतो. कॅज्युअल्टीच्या दारातून आत पाहिलं तरी हे दिसतं. उलटी होऊनही आराम पडत नाही, ही दुसरी खूण. आणि गंमत अशी की पोट दाबून पाहिलं तर पहिल्या काही तासांत ते बऱ्यापैकी मऊ लागतं. माणूस कळवळतोय आणि पोट त्या मानाने गरीब, असा विजोड मेळ दिसला की अनुभवी डॉक्टर लायपेज लिहितात. उलट पोट फळीसारखं कडक असेल तर आधी जठर किंवा आतडं फुटलं नाही ना, ते बघावं लागतं.

म्हणूनच तो छातीचा एक्स-रे. उभं करून किंवा बसवून काढतात तो. पोटातला अल्सर फुटला असेल तर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या खाली हवेची काळी चंद्रकोर दिसते, आणि मग रुग्ण थेट सर्जनकडे जातो. अल्सर फुटल्यावरही ॲमायलेज वाढतं, बरं का. रक्ताच्या एका आकड्यावर भरवसा ठेवून बसलं तर इथे गफलत होते. त्याच एक्स-रेत डाव्या फुफ्फुसाखाली पाणी दिसलं तर तेही पॅन्क्रियाटायटिसच्या बाजूचं, आणि थोडं काळजीचं.

ईसीजीचंही तसंच. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक कित्येकदा छातीत दुखतच नाही. पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, घाम फुटतो. ४८ वर्षांचा पुरुष, रात्रीचं जड खाणं आणि ‘गॅस’ ही तक्रार: या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आधी ईसीजी, लागलं तर ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी), मग बाकीचं. इंदूरमध्ये गॅस या एका शब्दाखाली किती आजार झाकले जातात याला गणती नाही. हिंगाचं पाणी, ईनो, जिरावण मसाला टाकून ताक, मग इंजेक्शन, आणि यात सहा-आठ तास निघून जातात. ईसीजीला दोन मिनिटं लागतात. तो काढला नसता तर मी तुम्हाला दवाखाना बदलायला सांगितलं असतं.

बाई असेल आणि मूल होण्याचं वय असेल तर लघवीची गर्भधारणेची तपासणी यातच धरायची, लग्न झालंय की नाही हे न बघता. गर्भनळीत राहिलेला गर्भ फुटला तर पोटही दुखतं आणि ॲमायलेजही वाढू शकतं.

आता लायपेज आणि ॲमायलेज. ॲमायलेज जुनं, रक्तातलं ॲमायलेज मोजून स्वादुपिंडाचा आजार ओळखायची पद्धत १९२९ पासून छापील आहे, आणि त्या सवयीमुळेच अजून ते पहिलं लिहिलं जातं. दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर लायपेज करावं. ते दुखणं सुरू झाल्यापासून चार ते आठ तासांत वाढतं, साधारण दिवसभरात शिगेला पोचतं आणि आठ ते चौदा दिवस वरच राहतं. ॲमायलेज मात्र तीन ते सात दिवसांत खाली येतं. म्हणजे खरगोन-बडवानीकडचा माणूस तिथे चार-पाच दिवस सलाइन लावून मग इंदूरला आला, तर ॲमायलेज नॉर्मल येऊ शकतं आणि सगळे म्हणतात स्वादुपिंड ठीक आहे. जुने दारू पिणारे आणि रक्तात चरबी फार वाढलेले, या दोघांतही ॲमायलेज दगा देतं. शिवाय ते लाळेच्या ग्रंथींतूनही येतं. गालगुंड झालेल्या पोराचं ॲमायलेज वाढलेलंच असणार. काही धडधाकट माणसांत ते रक्तातल्या मोठ्या प्रथिनाला चिकटून वर्षानुवर्षं वाढलेलं दिसतं आणि लायपेज मात्र नॉर्मल. अशा लोकांना उगाच स्वादुपिंडाचे रुग्ण म्हणून फिरवू नये.

लायपेजही धुतल्या तांदळाचं नाही. किडनी निकामी असेल, पित्ताशयाला सूज असेल, आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला असेल, मधुमेहात कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन साठून ते आम्ल होणं) झाला असेल तर तेही वाढतं. कीटोॲसिडोसिसमध्ये तर पोटही दुखतं आणि उलट्याही होतात, म्हणून साखर आणि लघवीतले कीटोन पहिल्याच फेरीत पाहायचे. निमाडच्या कापसाच्या पट्ट्यातून फवारणीचं औषध पोटात गेलेले रुग्ण येतात, त्यांच्यातही ॲमायलेज वाढतं. तिथे डोळ्यांच्या बाहुल्या आणि तोंडातली लाळ आधी बघायची, आकडा नंतर. आणि दुखणंच नसेल, नुसत्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये लायपेज थोडं वाढलेलं निघालं असेल, तर तो पॅन्क्रियाटायटिस नव्हे.

‘तिप्पट’ कशाच्या तिप्पट, हे रिपोर्टवरच लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. आकड्याच्या उजवीकडच्या रकान्यात त्या लॅबची नॉर्मल मर्यादा असते. एका पद्धतीत लायपेजची वरची मर्यादा ६० च्या आसपास असते. दुसऱ्या मशीनवर तीच ३००. पहिल्या लॅबमध्ये १८० च्या वर गेलं की अट पूर्ण होते, दुसरीत ९०० लागतात. दादाचं १२४० पहिल्या लॅबचं असेल तर वीसपट, दुसरीचं असेल तर चौपट. निदान दोन्हीकडे एकच. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावून ‘उतरलं’ किंवा ‘चढलं’ म्हणू नका.

आणि हेच कारण आहे की दुसऱ्या दिवशी लायपेज परत केलं नाही. चौपट असलेला रुग्ण आयसीयूत जाऊ शकतो आणि वीसपट असलेला चौथ्या दिवशी पोहे मागतो. आकडा खाली येण्याचा आणि आजार बरा होण्याचा संबंध नाही. स्वादुपिंडाचा मोठा भाग मेला तरी लायपेज खाली येतंच. रोज लायपेज काढणं म्हणजे पैसे आणि रक्त दोन्ही वाया. काही ठिकाणी नातेवाइकांच्या समाधानासाठी काढतात, ते मला पटत नाही.

सोनोग्राफीकडे येऊ. तुमची सगळ्यात मोठी शंका हीच आहे की तिच्यात स्वादुपिंड दिसलंच नाही. ते न दिसणं अगदी नेहमीचं आहे. सुजेमुळे आजूबाजूचं आतडं फुगतं, त्यात हवा भरते, आणि सोनोग्राफीच्या लहरी हवेतून जात नाहीत. पहिल्या रात्रीची सोनोग्राफी मुळात स्वादुपिंडासाठी नसतेच. ती असते पित्ताशयासाठी. खडे आहेत का, पित्तनळी फुगली आहे का, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं तिने द्यायची. तिने तुम्हाला पहिल्याचं दिलं: बारीक खडे. बारीक म्हटल्यावर लोक निश्चिंत होतात, पण स्वादुपिंडाच्या दृष्टीने बारीकच वाईट. मोठा खडा पित्ताशयात पडून राहतो. बारीक खडा नळीत उतरतो आणि जिथे पित्तनळी व स्वादुपिंडाची नळी आतड्यात एकत्र उघडतात, त्या तोंडाशी अडकतो. दुसरं, नळीची जाडी रिपोर्टमध्ये मिलिमीटरमध्ये लिहिलेली असेल, ती बघा. नसेल तर रेडिऑलॉजिस्टना विचारायचा हक्क आहे तुमचा.

एसजीपीटी २८६ हा त्याच गोष्टीचा साक्षीदार. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत एसजीपीटी १५० च्या वर गेलं तर कारण खडा असण्याची शक्यता फार दाट असते. खडा नळीतून सरकताना पित्त क्षणभर तुंबतं, तेवढ्यानेही ते वाढतं आणि खडा निघून गेला की भराभर उतरतं. म्हणूनच हे रक्त पहिल्या दिवशीचंच हवं. चौथ्या दिवशी करून उपयोग नाही. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे खडे नाहीत, असं उलट मात्र म्हणता येत नाही. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) दोन-तीन दिवस चढतच राहिलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर खडा अजून नळीत आहे आणि वर पू होतोय असं समजायचं. तिथे एंडोस्कोपीने नळी मोकळी करायला २४ तासांहून जास्त थांबत नाहीत.

तर मग सराफ्याचा काय दोष? गराडू (तळलेलं कंद) तुपात-तेलात खाल्ले की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं आणि खडा हलतो, एवढाच. खडे तिथे आधीपासून होते. हिवाळाभर इंदूर गराडू खातं आणि ठणठणीत राहतं.

दारूचा प्रश्न मात्र नीट विचारायला हवा, खडे सापडले तरी. आपल्याकडे खडे आणि दारू हीच दोन मुख्य कारणं. वहिनी आणि आई खाटेशी उभ्या असताना विचारलं तर उत्तर एकच येतं, ‘कधीतरी, पार्टीत’. मी सगळ्यांना चहाला पाठवतो आणि मग विचारतो: किती, किती वर्षं, शेवटची कधी. यात निंदानालस्ती नाही. रोज पिणारा माणूस भरती झाला की दोन-तीन दिवसांत थरथर आणि भ्रम सुरू होतो, तो आजाराचा समजला गेला तर उपचार चुकतात. सोबत चालू असलेली औषधं सांगा: व्हॅलप्रोएट आणि अझाथायोप्रिन ही ठळक नावं, पण पिशवीच घेऊन या, गोळ्यांची नावं तोंडी कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

ट्रायग्लिसराइड्सबद्दल मी हट्टी का आहे ते सांगतो. ती १००० च्या वर गेली तर तेच कारण असू शकतं, आणि साखर हाताबाहेर गेलेल्या तरुण मधुमेहींत हे विशेषकरून दिसतं. लॅबमध्ये रक्ताची नळी फिरवून खाली ठेवली की वरचा द्रव पिवळसर पारदर्शक असायला हवा. या रुग्णांत तो दुधासारखा पांढरा दिसतो. कधी साय जमल्यासारखा थर येतो. टेक्निशियनने ‘लायपेमिक सँपल’ असा शेरा मारला असेल तर तो शेरा रिपोर्टइतकाच महत्त्वाचा. अशा रक्तात ॲमायलेज खोटं नॉर्मल येतं, सोडियमही खोटं कमी येऊ शकतं. पण रुग्ण उपाशी आणि सलाइनवर असला की ट्रायग्लिसराइड्स एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरतात आणि पुरावा निघून जातो. म्हणून रक्ताच्या पहिल्याच नळीतून करायचं. वेळ गेली असेल तर लॅबला विचारा, पहिल्या दिवशीचं सँपल ठेवलेलं असतं कधी कधी. कॅल्शियमचं थोडं वेगळं आहे. ते फार वाढलेलं असणं हे क्वचित कारण असतं, पण तीव्र आजारात तेच कॅल्शियम खाली घसरतं. त्यामुळे नॉर्मल आलं तरी बरं झाल्यावर एकदा पुन्हा बघावं, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासोबत.

मग गंभीर आहे की नाही हे कशावरून कळतं? यंत्रापेक्षा खाटेशी बसून जास्त कळतं. नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा अंग ३६ च्या खाली गार, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली: यातल्या दोन गोष्टी असतील आणि दोन दिवस तशाच टिकल्या तर काळजी. रक्तात हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ४४ च्या वर असेल तर रक्त घट्ट झालंय, म्हणजे पाणी शिरांतून बाहेर झिरपतंय. रक्तातला बीयूएन (युरियामधला नायट्रोजन) २० च्या वर असेल आणि सलाइन चालू असूनही चढत असेल तर ते १२४० पेक्षा कितीतरी बोलकं. आपल्या बऱ्याच लॅब बीयूएन नाही, युरिया छापतात. युरियाचा आकडा साधारण दुपटीहून थोडा जास्त असतो, ते पाहून घ्या. सीआरपी (सूज किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी) पहिल्या रात्री करून फारसं हाती लागत नाही, ते ४८ तासांनी १५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं तर अर्थ लागतो. ऑक्सिजन, लघवी किती झाली, आणि माणूस नीट बोलतोय का, या तीन नोंदी दर काही तासांनी. दादाच्या खाटेशी लटकवलेल्या तक्त्यावर लघवीचा रकाना भरलेला आहे का, एवढं तुम्ही स्वतः बघू शकता.

राहिला सीटी. पहिल्या दिवशी सीटी केला तर मेलेला भाग दिसतच नाही. तो उघड व्हायला तीन-चार दिवस लागतात, आणि लवकर काढलेला सीटी ‘फार काही नाही’ म्हणून खोटा दिलासा देतो. वर त्यासाठी शिरेतून द्यायचं औषध सुकलेल्या किडनीवर पडतं. म्हणून निदान पक्कं असेल तर सीटी ७२ तासांनंतर, आणि तोही प्रकृती सुधारत नसेल तरच. दहातल्या आठ रुग्णांचा आजार सौम्य असतो, ते त्याआधीच खायला लागतात. पहिल्याच दिवशी सीटी करायची वेळ वेगळी: दुखणं जबरदस्त पण लायपेज तिप्पट नाही, किंवा उशिरा आलेला रुग्ण, किंवा पोट कडक आणि आतडं फुटल्याची वा त्याचा रक्तपुरवठा बंद झाल्याची शंका. तिथे मात्र एक तासही दवडू नये.

एक गोष्ट इतर वाचणाऱ्यांसाठी. अशी कळ आली तर घरी सँपल न्यायला मुलगा बोलावून, रिपोर्ट मोबाइलवर येईपर्यंत वाट पाहू नका. लायपेज घरी काढता येतं. ईसीजी, एक्स-रे, ऑक्सिजन आणि सलाइन घरी मिळत नाही. पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त फायदा बेताने दिलेल्या सलाइनचा होतो, आणि ते किती द्यायचं हे लघवी आणि युरिया पाहूनच ठरतं. जिथे रात्री लॅब चालू असते आणि आयसीयू आहे अशा ठिकाणी जा, मग ते एम.वाय. हे सरकारी रुग्णालय असो की खाजगी.

दादाबद्दल शेवटचं. कारण खडाच ठरला आणि आजार सौम्य राहिला, तर पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन याच भरतीत करून घ्या. ‘आता बरं वाटतंय, दिवाळीनंतर बघू’ म्हणून घरी गेलेल्यांपैकी काही जण पुन्हा त्याच कळेने परत येतात, कधी पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत. त्याआधी नळीत खडा राहिला नाही ना, यासाठी बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबल्यावर वाढणारं एन्झाइम) पुन्हा बघतील. शंका राहिली तर एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी सांगतील. त्या वेळी सीटी का नाही असं विचारू नका, खडे सीटीत कित्येकदा दिसत नाहीत.